फिनलंडचा स्वातंत्र्यदिन

फिनलंडशी माझा काही संबंध नाही. तिथे मी गेलेले नाही, तिथलं कोणी मला भेटलेलं नाही, आणि त्या देशाचा नकाशा काढ म्हटलं तर मी एक उभट वांगं काढून मोकळी होईन. पण तो देश ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वतंत्र झाला, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. लखनौतल्या निदान चाळीस मराठी कुटुंबांना ते असंच पाठ आहे. यात थोडा दोष माझा, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या मराठी मंडळाचं एक वाचनालय आहे. दोन खोल्या, चार कपाटं, आणि दारात एक काळा फळा. फळ्यावर रोज ‘आजचा दिनविशेष’ लिहायचा, ही मंडळाची सर्वांत जुनी आणि कदाचित एकमेव अखंड परंपरा. गणपती एखाद्या वर्षी वादात दीड दिवसांत आटोपला असेल, पण दिनविशेष चुकला नाही. एकच घटना, तळाशी एक सुविचार. संध्याकाळी पाच वाजता बँकेतले, सरकारी कंपन्यांतले, संशोधन संस्थांतले मराठी लोक यायचे, आधी फळा वाचायचे, “अच्छा, असं का!” म्हणायचे आणि आत जाऊन आठवडाभर जुनं मराठी वर्तमानपत्र उघडायचे.

एकोणिसाव्या वर्षी हे दिनविशेषाचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं. पद्धत अशी: आदल्या संध्याकाळी मी इयरबुकातून आणि कात्रणांतून तीन घटना काढून चिठ्ठी करायची. अध्यक्षांनी तीनपैकी दोन खोडायच्या, उरलेल्या घटनेखाली ‘पाहिले’ असं लिहून सही करायची. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पेंटरचाचांनी ती फळ्यावर उतरवायची.

चाचा जुन्या शहरातले. दुकानांच्या पाट्या आणि स्कूटरच्या नंबरप्लेटा रंगवणं हा त्यांचा धंदा. हिंदी, उर्दू, इंग्रजी तिन्ही लिपी हातात. मराठी येत नव्हतं, पण अक्षर असं काढायचे की खडूने लिहिलेलं पुसताना जिवावर यायचं. पुसण्याचा अधिकारही त्यांचाच होता, दुसऱ्याने पुसलं तर म्हणायचे, “फळा घासता, पुसत नाही तुम्ही लोक.” अर्थात हे हिंदीत. मला ते बिटिया म्हणत आणि स्वतःला, तिथल्या रीतीप्रमाणे, हम.

अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर. त्यांचा सगळा जन्म कागदावर सही करण्यात गेला होता, आणि त्या सहीने काही घडू नये याची काळजी घेण्यात. माझा जन्म नेमक्या उलट घरातला. आजोबा सोलापूरच्या गिरणीत होते, बाबा लखनौच्या एका सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आणि कर्मचारी युनियनचे सरचिटणीस. घरात पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइल मशीन होतं, ते देवघरापेक्षा मोठं. इतर मुली मासिकांतल्या गोष्टींवर वाढल्या, मी पत्रकांवर. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ ही माझ्या कानावर पडलेली पहिली अंगाई असावी. बारा वर्षांची असताना, पाहुण्यांसमोर गाणं म्हणायचं नाही म्हणून मी आईला तीन मुद्द्यांचं निवेदन दिलं होतं. आईने ते वाचून दाखवायला लावलं.

तर अशी मी आणि असे अध्यक्ष. पहिली ठिणगी जूनमध्ये पडली. २६ जूनच्या चिठ्ठीत मी लिहिलं, ‘१९७५: देशात आणीबाणी जाहीर.’ अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

“अगं, हे कशाला? आपल्यात सरकारी नोकर आहेत.”

“आणीबाणी झाली नव्हती का, काका?”

“झाली होती. पण अजून व्हायचीय.”

“म्हणजे?”

“म्हणजे लोकांची मतं अजून व्हायचीयत. इतिहास म्हणजे काय? ज्याच्यावर आता कोणी भांडत नाही तो.”

पुढच्या रविवारी समितीने ठराव केला: फळ्यावरची घटना किमान पन्नास वर्षांपूर्वीची असावी. मी एकटीने विरोध नोंदवला. तो नोंदवला गेला नाही, कारण मी समितीत नव्हते.

६ डिसेंबर १९९२ हा रविवार होता. त्या दिवसाची चिठ्ठी मी फार विचार करून केली होती. पहिली घटना, ‘१९५६: भारतीय राज्यघटनेच्या शिल्पकारांचे दिल्लीत निधन.’ ती माझी खरी मागणी. मराठी मंडळाच्या फळ्यावर ते कधीच आलं नव्हतं आणि का आलं नव्हतं हे मला चांगलं कळत होतं. ती पन्नासच्या नियमात अडकणार हे माहीत होतं, म्हणून दुसरी ठेवली, ‘१८६५: अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद.’ दुरून तोच मुद्दा. आणि तिसरी फिनलंड. बाबा नेहमी सांगत की मागणीपत्रात एक मागणी सोडून देण्यासाठीच ठेवावी, म्हणजे समोरच्याला खोडल्याचं समाधान मिळतं. फिनलंड मी खोडण्यासाठी ठेवला होता.

अध्यक्षांनी पहिली घटना नियमाने खोडली. दुसरीवर पेन्सिल थांबली. “हे सूचक वाटतं,” ते म्हणाले. काय सुचवतं हे त्यांनी सांगितलं नाही, पण खोडली. फिनलंडखाली ‘पाहिले’ आलं. मंजूर झालेली ती माझी पहिली मागणी.

रविवारी बारा वाजता मी चिठ्ठी चाचांच्या हातात दिली, तेव्हा माझा चेहरा फुगलेला होता.

“ये फिनलैंड किधर है, बिटिया?”

“बहुत ऊपर. बर्फ में.”

“और आज़ाद किससे हुए?”

“रूस से.”

“चलो, अच्छा हुआ,” असं म्हणून त्यांनी बर्फाच्या देशाला शोभेल असं पांढरंशुभ्र, टपोरं ‘फिनलंड’ काढलं. साधारण त्याच वेळी, आमच्यापासून काही तासांच्या रस्त्यावर, अयोध्येत मशिदीवर लोक चढत होते. आम्हाला ते संध्याकाळी कळलं. पाच वाजता आलेले सभासद सहा वाजता घरी पळाले. चाचा तेव्हा आपल्या गल्लीत पोचलेले होते.

मग शहर बंद. बाजार बंद, कॉलेज बंद, काही भागांत कर्फ्यू. घराघरांत एकच बातमी पाच प्रकारे येत होती. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वाचनालय उघडलं, तेव्हा दारातल्या फळ्यावर ‘६ डिसेंबर. १९१७: फिनलंड स्वतंत्र झाला.’ तसंच होतं. कोणी पुसलं नाही, कारण पुसण्याची पद्धत नव्हती. पुसणारे चाचा येत नव्हते. रोज पाच वाजता लोक येत, देशात काय चाललंय याची चर्चा करत आत शिरत, आणि शिरताना फिनलंड वाचत. कोणी म्हणालंही, “यांची राजधानी कुठली हो?” त्यावर मात्र मनमोकळी चर्चा झाली. हेलसिंकी.

चाचांचा विषय निघाला की अध्यक्ष म्हणत, “सध्या राहू दे.” सध्या हा आमच्या मंडळाचा लाडका शब्द. त्यात नकार नाही, होकार नाही, कोणाचं वाईट चिंतलेलं नाही. चिटणीसकाकूंनी एकदा सुचवलं की हल्ली काळ्या मखमली पाटीत पांढरी प्लास्टिकची अक्षरं खोचायची मिळतात, ऑफिसांतून असतात, दिसायला पण नीट. सगळ्यांनी मान हलवली. एवढंच झालं. पण पत्रकांवर वाढलेल्या माणसाला मान हलवण्याच्या मागची व्यवस्था दिसते. मला दिसली. एका माणसाचं काम त्याच्या धर्मामुळे काढून घेतलं जात होतं, आणि तेही प्लास्टिकच्या अक्षरांसाठी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी पत्रकाची स्टेन्सिल कापली.

मथळा होता: ‘फळा कोणाचा?’ बाबांनी मसुदा वाचला.

“चांगला आहे. पण मागण्या कुठायत? मागण्यांशिवाय पत्रक म्हणजे निबंध.”

मी तीन मागण्या घातल्या.

“आणि तपशील ठोस कर. ‘एक कष्टकरी’ असं मोघम नको. कोण, कुठला, कुठे राहतो? वाचणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे.”

मग मी माणूस दिसेल असं केलं. धर्म लिहिला, सहा वेळा. गल्लीचं नाव, कोणत्या मशिदीच्या समोर, कोणत्या हलवायाच्या शेजारी. चाळीस प्रती काढल्या आणि सायकलवरून घरोघर वाटल्या. हात शाईने काळे झाले होते. मला फार बरं वाटत होतं.

परिणाम झाला. पत्रक वाचेपर्यंत समितीला ठाऊकच नव्हतं की ती चाचांना काढते आहे. आता कळल्यावर तिने रीतसर विचार सुरू केला. ज्यांनी चाचांकडे वर मान करून पाहिलं नव्हतं, त्यांचंही मत तयार झालं. कोणी म्हणालं, आपण परगावी राहणारी माणसं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कोणी म्हणालं, पाटी तर पाटी, वाद कशाला? वाचनालयाच्या दारावर नोटीस लागली: पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता विशेष सभा, विषय ‘फळ्याची व्यवस्था’.

सभेला चाचांनी स्वतः यावं, लोकांसमोर उभं राहावं, असं मी ठरवलं. गुरुवारी सकाळी धुक्यातून सायकल मारत जुन्या शहरात गेले. दुकान उघडं होतं. चाचा गळ्याला मफलर गुंडाळून एका स्कूटरच्या नंबरप्लेटवर आकडे काढत होते. मला पाहून हसले, मग शिंकले.

“आओ बिटिया! हम तो सोमवार को आने ही वाले थे. पहले रास्ता बंद था, फिर ये ज़ुकाम. बोर्ड का क्या हाल है? किसी ने रगड़ा तो नहीं?”

मी पत्रक पुढे केलं. हिंदी करून, आवाज चढवून, मागण्यांसकट वाचून दाखवलं. पहिल्या परिच्छेदालाच त्यांनी कुंचला खाली ठेवला. संपल्यावर त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि बोट ठेवलं, बरोबर गल्लीच्या नावावर. अक्षरं तर हिंदीचीच होती.

“ये हमारी गली क्यों लिखी?”

“ठोस तपशील, चाचा. म्हणजे... सच्चाई है.”

“कितने छापे?”

“चालीस.”

“और हम मुसलमान हैं, ये उन लोगों को पता नहीं था?”

“था.”

“तो?”

मला तो शब्द आजवर कुठल्याही सभेत इतका अवघड गेलेला नाही.

“बिटिया, हम वहाँ पेंटर थे. इस सोमवार को जाते, बोर्ड पोंछते, लिखते, लौट आते. अब हम जाएँगे तो पेंटर नहीं, मसला जाएगा.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “घर में बहू है, बच्चे हैं. चालीस काग़ज़ पे हमारा पता घूम रहा है. तुम पढ़ी-लिखी हो. वापस ले आओ.”

चहा पाजल्याशिवाय मात्र त्यांनी सोडलं नाही.

घरी येऊन सांगितलं तर बाबा उसळले. “पत्रक परत घ्यायचं? आपल्या घरात आजवर हे झालेलं नाही! दुरुस्तीपत्रक काढ फार तर.”

“दुरुस्तीपत्रकात गल्ली परत लिहू का, बाबा?”

सायक्लोस्टाइलवरचं कापड बाबांनी उगाच सारखं केलं. मग म्हणाले, “चिनहटचे चार पत्ते मी स्कूटरवर करतो. तू बाकीचे बघ.” आणि बाबा, ज्यांनी हयातभर कारखान्यांच्या दारांत पत्रकं वाटली, ते चिनहटच्या कारखान्यांकडे पत्रकं गोळा करायला गेले.

पत्रक वाटताना कोणी दोन मिनिटंही थांबवत नाही; परत मागायला गेलं की प्रत्येकाला बोलायचं असतं. गोमती नगरमध्ये, चार घरं आणि चाळीस रिकामे प्लॉट अशा कॉलनीत, एका काकूंनी ते ड्रॉवरमध्ये अंथरलं होतं. चमचे उचलून, झटकून दिलं. एकांनी मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब लिहिला होता, तो उतरवून घेईपर्यंत मी उभी. एक जण म्हणाले, “का? माघार?” मी हो म्हटलं. जानकीपुरममध्ये एक शास्त्रज्ञ राहत, त्यांनी तर हात जोडले: “अगं, ते मी नागपूरला भावाला पाठवलं! म्हटलं, बघ, लखनौत वाढलेली मुलगी किती शुद्ध मराठी लिहिते!” त्यांचा मुलगा आतून ओरडला, “पापा, मुझे तो आधा समझ में ही नहीं आया!” आयुष्यात पहिल्यांदा मला ते ऐकून हायसं वाटलं.

शनिवारपर्यंत नागपूरची एक सोडून सगळी आली, आणि अध्यक्षांची राहिली. त्यांच्याकडे गेले तेव्हा ते उन्हात खुर्ची टाकून फाइल लावत बसले होते. माझं पत्रक त्या फाइलीत होतं. वर लाल शाईत आवक क्रमांक.

“कागद दप्तरी दाखल झाला,” ते म्हणाले. “आता देता येत नाही.”

मी सगळं सांगितलं. गल्ली, सून, मुलं, सर्दी. भाषण असं नव्हतंच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खिशातून दाढीचं पातं काढलं, कागदी घडीत ठेवलेलं, बँकेतली सवय. पट्टी धरून त्यांनी पत्रकातल्या अडीच ओळी, गल्लीपासून हलवायापर्यंत, कापून काढल्या. इतकं सरळ कापलेलं मी पाहिलं नव्हतं. ती कागदाची पट्टी माझ्या हातात ठेवली.

“कागद दप्तरात राहील. नियम आहे,” ते म्हणाले. “सभा मात्र होईल. नोटीस लागली आहे.”

माझ्या चिठ्ठ्यांवर चालणाऱ्या त्या पेन्सिलीला मी वर्षभर शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी त्याच हाताने कापलेली पट्टी मी मुठीत धरून घरी आणली आणि चुलीत, म्हणजे आमच्या गॅसच्या शेगडीवर, जाळली.

येताना वाकडी वाट करून जुन्या शहरात जाऊन चाचांना सांगितलं होतं: कागद आले, एक नागपूरला गेला, सभा उद्या चारला आहे. ते नुसतं “अच्छा” म्हणाले.

रविवारी पावणेचारला मी वाचनालयात पोचले. चाचा दारात होते. मफलर, खडूची डबी, ओलं फडकं. फिनलंड पुसून झालं होतं. सहा आठवड्यांनी फळा खरोखर काळा दिसत होता. “चिट?” त्यांनी हात पुढे केला. चिठ्ठी नव्हती. त्या गडबडीत दिनविशेष मीच विसरले होते. सहा आठवडे खोळंबलेली परंपरा अखेर मी मोडली.

चाचांनी इकडेतिकडे पाहिलं. दारावर नोटीस होती, मराठीत. त्यांनी ती अक्षर न् अक्षर बघून फळ्यावर उतरवली. ‘विशेष सभा. दुपारी ४. विषय: फळ्याची व्यवस्था. सर्वांनी अवश्य उपस्थित राहावे.’ खाली दुहेरी रेघ, कोपऱ्यात एक फूल. अर्थ त्यांना कळला होता का, हे मी कधी विचारलं नाही. माझा अंदाज आहे की पूर्ण कळला होता.

एकेक सभासद यायला लागला. प्रत्येक जण सवयीने दारात थांबला आणि फळा वाचला. त्या फळ्याखाली, हाताला खडू लागलेले चाचा उभे, प्रत्येकाला “आदाब” म्हणत होते. आत खुर्च्या भरल्या. कोणी खोकलं. चिटणीसकाकूंच्या पिशवीत प्लास्टिकच्या अक्षरांची जाहिरात होती, ती पिशवीतच राहिली. अध्यक्ष उठले.

“विषय: फळ्याची व्यवस्था,” त्यांनी वाचलं. मग दाराकडे पाहिलं. “फळा लिहिलेला आहे. म्हणजे व्यवस्था आहे. कोणाला काही बोलायचंय?”

बोलायचं होतं ते मला. माझ्याकडे चार पानी भाषण होतं, त्यात पहिलाच शब्द ‘धिक्कार’. मी दाराकडे पाहिलं. चाचा पाठमोरे, खडू डबीत भरत होते. मी बसून राहिले.

“सध्या नाही? मग चहा घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

विवेकाचा विजय वगैरे काही झाला नाही. एकाचंही मत बदललं नसावं. फक्त माणसासमोर बोलायचं कोणाला जमलं नाही, आणि आपली मराठी माणसं भिडेखातर जितकं चांगलं वागतात तितकं तत्त्वाखातर वागत नाहीत. मला हे मान्य करायला जड जातं. सोमवारपासून दिनविशेष सुरू झाला.

पुढच्या डिसेंबरात सहा तारीख आली. चिठ्ठीत मी एकच घटना लिहिली: ‘१९९२: अयोध्येतील मशीद पाडली.’ सोडून देण्यासाठी या वेळी काही ठेवलं नव्हतं. अध्यक्षांनी ती बराच वेळ धरली. खोडली नाही. खाली ‘पाहिले’ लिहिलं, सही केली, आणि मला म्हणाले, “लिहिणाऱ्याला विचार.” जानेवारीत मी न केलेली गोष्ट त्यांनी मला एका वाक्यात शिकवली. तो राग अजून गेलेला नाही.

मी चाचांना विचारलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि खडूच्या डबीत तळाशी ठेवली.

“पचास साल का क़ायदा है न तुम्हारे यहाँ?”

“है. लेकिन दस्तखत हो गया है, चाचा.”

“हो गया होगा. हमारे हाथ से मत लिखवाओ. तुम लिखना चाहो तो ये रही खड़िया.”

त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. मी हिशेब केला. घटनाकारांचं निधन २००६ साली नियमात बसेल, आणि ही घटना २०४२ साली. खडू मी घेतला नाही. पत्रक चाळीस घरांत फिरतं, फळ्याखाली एकच माणूस उभा असतो, आणि तो मी नव्हते.

चाचांनी मग न विचारता, पाठ असल्यासारखं, ते टपोरं ‘फिनलंड’ काढलं. त्यानंतर दर वर्षी ६ डिसेंबरला तेच येतं. नवी चिठ्ठी कोणी देत नाही, कोणी मागत नाही. लोक वाचतात आणि काहीही न बोलता आत जातात. असं का, हेही आता कोणी म्हणत नाही.

त्र्याण्णव सालच्या त्या दिवशी फूल काढून झाल्यावर चाचा दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी करून फळा न्याहाळला आणि म्हणाले, “बिटिया, वहाँ इतनी बर्फ में नंबर प्लेट दिखती कैसे होगी?”

मला माहीत नव्हतं. शोधून सांगते म्हटलं.